ओब्दुलियाच्या खिशातला चहाडखोर

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघून घ्या. तळहातात मावेल एवढा काळा डबा, पुढे काच, काचेखाली एकच बटण. रक्तातली साखर सांगणारं जुनं यंत्र आहे मी. सध्या माझा मुक्काम एका पत्र्याच्या पेटीत आहे. शेजारी गंजलेले गळ, तुटकी सुरी आणि नायलॉनच्या दोरीचं गुंडाळं. बॅटरी फुगलीय, काचेला चीर गेलीय. या वयात वस्तूंनी शांतपणे आठवणी सांगायच्या असतात, हे मला माहीत आहे. पण मला ते जमणार नाही, कारण माझं डोकं फिरलेलं आहे. का फिरलं, ते ऐका.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसं घाबरत. तोंडाला फडकी बांधलेल्या बायकांनी माझे अवयव जोडले. शेवटी तपासणाऱ्या बाईने बटण दाबून मला वाजवून पाहिलं. मी खणखणीत वाजलो. "याचा आवाज चांगला आहे," असं ती शेजारणीला म्हणाली आणि तिने मला खोक्यात बसवलं. माझं पहिलं कौतुक झालं ते असं, आवाजाचं.

माझं काम एकट्याने होत नाही. माझा जोडीदार म्हणजे नाण्याएवढी पांढरी चकती. तिला सेन्सर म्हणतात. ती दंडाच्या मागे चिकटवतात. तिच्या पोटातून केसाएवढी तार कातडीखाली जाते आणि तिथली साखर सतत मोजत राहते. चकती मला कळवते, मी माणसाला कळवतो. मी एक आकडा दाखवतो आणि त्याच्या शेजारी एक बाण. बाण आडवा असला तर सगळं ठीक चाललंय. वर उभा राहिला तर साखर चढतेय. खाली उभा राहिला तर साखर कोसळतेय. साखर फार चढली तर मी वाजतो. फार उतरली तर त्याहून जोरात वाजतो, कारण चढलेली साखर माणसाला वर्षानुवर्षं पोखरते, पण कोसळलेली साखर जीव घ्यायला दुपारपर्यंत थांबत नाही. चकत्या दोन आठवडे जगतात आणि जातात. मी राहतो.

मी आलो तो आल्वारादो नावाच्या बंदरगावच्या मासळीबाजारात, ओब्दुलिया कोळणीच्या ओट्यावर. तुम्ही आल्वारादोची माणसं ऐकली नसतील तर तुमचे कान अजून कोरे आहेत. इथे शिव्या देणं म्हणजे भांडण नव्हे. इथे शिवी देऊन तब्येत विचारतात, शिवी देऊन लग्नाचं आमंत्रण करतात. आणि अशा गावात ओब्दुलियाच्या तोंडाला सगळे वचकून असत. गिऱ्हाइकाने मासा हातात घेऊन नाक मुरडलं की ती म्हणायची, "वास बघतोस? आधी स्वतःचा बघ, मेल्या. हा रोबालो सकाळपर्यंत पोहत होता, तू कधी आंघोळ केलीस?" आणि गिऱ्हाईक हसत हसत तोच मासा घेऊन जायचं. बाकीचं ती काय म्हणायची ते मी इथे सांगणार नाही, तुम्ही अजून लहान आहात.

मला आणलं तिच्या मुलीने. नेरेइदा तिचं नाव. ती वेराक्रुझ शहरात एका हॉटेलात कामाला होती आणि आठवड्यातून एकदा घरी यायची. ओब्दुलियाला रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागे, पण साखर मोजायची म्हटलं की ती टाळायची. त्यात तिचा दोष कमीच. बर्फ, मीठ, खवले आणि काटे यांनी तिची बोटं आधीच फाटलेली होती. त्याच बोटांना आणखी टोचायचं कोणी सांगितलंय?

"हे काय आणलंस?" मला उलटंसुलटं करत तिने विचारलं.

"आता बोट टोचायचं नाही, आई. दंडाला चकती चिकटवायची, की याच्यावर आकडा येतो."

"म्हणजे मी लपून गोड पाव खाल्ला तर हा सांगणार?"

"सांगणार."

"मेला चहाडखोर."

त्या दिवसापासून माझं नाव चहाडखोर. मला राग नाही आला. उलट बरं वाटलं, कारण तिने मला एप्रनच्या खिशात टाकलं आणि त्या खिशातून मी पुढे दोन वर्षं हललो नाही.

काय दिवस होते ते. सकाळी ओट्यावर बर्फ पसरला की ती मला बाहेर काढायची आणि आकडा मोठ्याने वाचायची. शेजारच्या कोळणी धावून यायच्या. "भात खाऊन किती झाली ग?" "आंब्याने चढते का?" सगळा बाजार माझ्यापुढे शाळेत बसल्यासारखा बसायचा. एकदा खवले काढता काढता चकती निसटली आणि कोणाच्या तरी मोहार्रा माशाबरोबर पिशवीत गेली. संध्याकाळी ती बाई चकती घेऊन परत आली आणि म्हणाली, "तुमच्या माशाला मधुमेह आहे." ओब्दुलिया इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. तिचं साखरेचं गणितही हळूहळू बसत होतं. सकाळचा गोड पाव तिने अर्धा केला, मग सोडला. माझा बाण बहुतेक वेळ आडवा असायचा.

त्याच काळात मला एक गोष्ट स्वच्छ दिसली होती. बर्फवाला तिबुर्सिओ रोज बर्फाच्या लाद्या घेऊन यायचा आणि रोज त्यातली एक कमी निघायची. ओब्दुलिया त्याला इतकं झोडपायची की पलीकडे धक्क्यावर बसलेले पेलिकनसुद्धा माना वळवायचे. "मुडदा बशिवला तुझा, तिबुर्सिओ. वाटेत लादी वितळली म्हणतोस? तुझी लाज वितळली." तोही तिला चांगलं ऐकवायचा. हे पाव तास चालायचं आणि माझा बाण आडवाच राहायचा. शिव्या घालून तिची साखर चढत नव्हती. मी हे रोज बघत होतो, रोज काचेवर दाखवत होतो. पण आकडा वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच दुसरं काही लिहिलेलं असेल, तर यंत्राने काय करावं?

दुसरं काय लिहिलेलं होतं, ते सांगतो. आमच्याकडे लहानथोर सगळे मानतात की साखरेचा आजार रागाने होतो, नाहीतर दचकण्याने. माणूस भडकला की पित्त फुटून रक्तात उतरतं आणि रक्त गोड होतं. ओब्दुलियाचा नवरा एक दिवस होडी, जाळी आणि पलीकडच्या गावची एक विधवा असं सगळं एकदम घेऊन निघून गेला. त्या दिवशी ती धक्क्यावर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडली होती. पुढे वर्षभराने डॉक्टरने तिला साखर सांगितली. झालं. घराण्यात सगळ्यांनी ठरवून टाकलं की तो राग रक्तात गेला. त्याआधी वीस वर्षं ती दिवसातून चार वेळा साखरेचं पेय पीत होती, तिची आई याच आजाराने गेली होती, हे कोणी धरलंच नाही.

पुढे तिचा डावा डोळा गढूळ झाला. डॉक्टर म्हणाले, आत रक्त आलंय, साखर सांभाळली तर उजवा वाचेल. त्याच सुमारास नेरेइदाला दिवस गेले. ओब्दुलियाने त्या दिवशी सगळ्या बाजारात ओरडून सांगितलं, "माझ्या नातवंडाचं तोंड मी दोन्ही डोळ्यांनी बघणार. एका डोळ्याने बघायला मी काय ओट्यावर आडवी पडलेली मासळी आहे?" लोक हसले. ती हसली नाही. खिशात होतो मी, तिचा हात माझ्यावर घट्ट आवळलेला होता. तिला जगात तेवढंच हवं होतं.

आणि मग तिची थोरली बहीण घरी राहायला आली. एउलालिया. देवभोळी, हाताने स्वच्छ, बहिणीवर जीव टाकणारी. मित्रांनो, ती वाईट बाई असती तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

पहिल्याच दिवशी मी वाजलो. ओब्दुलियाने भात जास्त खाल्ला होता, साखर वर निघाली होती, म्हणून वाजलो. एउलालियाच्या हातातला पेला खाली पडला.

"अरे देवा. हे काय किंचाळलं?"

"चहाडखोर आहे, ताई. शुगर वाढली सांगतोय."

"असं दचकवून? अग दचकल्यानेच तर वाढते. थांब, आधी पाव खा."

आमच्याकडे माणूस दचकलं की त्याला पाव देतात. बोलियो म्हणजे आपला साधा लांबट पाव. भूकंप झाला, पाव खा. कुत्रं अंगावर आलं, पाव खा. पोटात घट्ट काही गेलं की भीती मुरत नाही, असं समजतात. तर एउलालियाने बहिणीला पाव चारला. पावाने साखर आणखी चढली. मी पुन्हा वाजलो. एउलालिया पुन्हा घाबरली आणि तिने अर्धा पाव आणखी पुढे केला. मी वाजतोय, ती चारतेय, मी वाजतोय, ती चारतेय. सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला? माझं काम काय, हे मला कारखान्यातच शिकवलं होतं.

आठवड्याभरात एउलालियाचा निवाडा झाला. राग आणि दचकणं यांनी साखर वाढते. यंत्र दचकवतं आणि ओब्दुलिया त्याच्यावर चिडते. म्हणजे साखर वाढवतं कोण? यंत्र. तिने तिबुर्सिओला बोलावलं, कारण तो रिकाम्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचा.

"याचं तोंड बंद कर," ती म्हणाली.

"नेरेइदाला विचारलंत का, बाई?"

"नेरेइदा पोटुशी आहे. तिच्या डोक्याला कशाला त्रास? तू कर."

तिबुर्सिओने बटण दाबत दाबत वाट शोधली. चढलेल्या साखरेचा गजर बंद केला. मग उतरलेल्या साखरेच्या गजरापाशी आला.

"हा खालचा राहू द्यायचा का?"

"खाली गेली तर चांगलंच ना," एउलालिया म्हणाली. "चांगल्या गोष्टीसाठी कशाला बोंबलायला हवं?"

त्याने तोही बंद केला. माझ्या काचेच्या कोपऱ्यात एक छोटी घंटा असते. तिच्यावर आडवी रेघ आली. ओब्दुलिया समोर कांदा चिरत बसली होती. ती नुसतं म्हणाली, "बरं झालं, मेला फार कटकट करत होता." तिलाही खालच्या गजराचं महत्त्व कोणी समजावलेलं नव्हतं. नेरेइदाने समजावलं होतं, पण आईने ते हसण्यावारी नेलं होतं.

माझा आवाज गेला. मी काचेवर लिहू शकत होतो, उजळू शकत होतो. पण ती काच खिशात. खिशात कोण बघतं?

एवढ्यावर थांबतील तर ती माणसं कसली. बंदराच्या मारियामाउलीचा सण महिन्याभरावर आला होता. त्या दिवशी माउलीची मूर्ती होडीत बसवून नदीतून फिरवतात आणि सगळा गाव काठाने चालतो. एउलालियाने बहिणीकडून नवस बोलवून घेतला. सणापर्यंत ओब्दुलियाने रागवायचं नाही, एकही शिवी द्यायची नाही आणि खायचं अगदी मोजकं. सकाळी नुसती कोरी कॉफी. माउली उजवा डोळा राखील.

"ताई, शिवी दिली नाही तर मासा कसा विकू? लोक समजतील मासा शिळा आहे."

"नातवंड बघायचंय ना?"

ओब्दुलिया नवस बोलली. मेणबत्ती लावली. आणि तिने तो पाळला, मित्रांनो, जीव तोडून पाळला. तिबुर्सिओने लादी कमी दिली की तिच्या मानेच्या शिरा फुगायच्या, ओठ पांढरे व्हायचे आणि ती म्हणायची, "देव तुझं भलं करो." तिबुर्सिओ त्या दिवसांत इतका ओशाळला की लाद्या पुऱ्या आणू लागला.

पण इन्सुलिन? ते सकाळचं तेवढंच टोचलं जात होतं. ते ठरवलं होतं पोटभर जेवणाऱ्या बाईसाठी. जेवण अर्ध्याहून कमी झालं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं. डॉक्टरला विचारावं असं कोणालाही सुचलं नाही. माझा बाण वाकडा होऊन खाली बघायला लागला. एउलालिया मला रोज हातात घ्यायची. तिला आकडे वाचता येत होते. शंभर. मग ऐंशी. एका सकाळी अडुसष्ट. सत्तरच्या खाली धोका सुरू होतो.

"बघ, बघ, उतरतेय," ती शेजारणींना बोलावून दाखवायची. "जिभेला लगाम घातला आणि साखर उतरली. मी सांगत नव्हते?"

शेजारणी हात जोडायच्या. मी काच लाल करून दाखवत होतो, बाण दाखवत होतो, आणि त्या माझ्याकडे बघून क्रूस काढत होत्या. ओब्दुलियाला दुपारी घाम फुटायचा, हात थरथरायचे, तर म्हणायच्या, जुना राग बाहेर पडतोय. पोट वाढल्यापासून नेरेइदाचं दर आठवड्याचं येणं बंद झालं होतं. तिने फोन केला, "मावशी, यंत्र फार वाजतं का?" एउलालिया म्हणाली, "आता वाजायची वेळच येत नाही, बाळा." नेरेइदाला तिकडे हायसं वाटलं. तिचे बाळंतपणाचे दिवस जवळ आले होते, तिने विश्वास ठेवला.

सणाच्या सकाळी ओब्दुलियाने इन्सुलिन टोचलं, दोन घोट कोरी कॉफी घेतली आणि ओट्यावर आली. सणाला मासळीची झुंबड असते. मी खिशात होतो. पहिल्या तासातच माझा बाण सरळ खाली उभा राहिला. सत्तर गेले. साठ गेले. मी उजळलो, विझलो, पुन्हा उजळलो. एप्रनचं कापड जाड होतं आणि त्यावर माशाचं रक्त वाळलेलं होतं.

एक गिऱ्हाईक आलं. त्या माणसाने रोबालोचे कल्ले उघडून बघितले, डोळे दाबून बघितले, पोट दाबून बघितलं. सगळ्या बाजाराने कान टवकारले. ओब्दुलिया म्हणाली, "सावकाश बघा, साहेब. घाई नाही. आपली कृपा."

बाजार थक्क झाला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "माउलीने केलं, बाबा," तिबुर्सिओ म्हणाला. "ओब्दुलियाच्या तोंडून 'कृपा' निघालं." ती त्याच्याकडे बघून गोड हसली. तिला तो कोण आहे हे त्या क्षणी ओळखता येत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या काचेवर पन्नासच्या खालचा आकडा होता. नवस पाळणारी ओब्दुलिया दात आवळून गोड बोलायची. आता तिचे दात आवळलेले नव्हते. डोक्याला साखर पुरत नव्हती आणि त्यातली एकेक खोली अंधारत चालली होती, आणि बाहेर टाळ्या वाजत होत्या. आज एवढ्या वर्षांनी त्या टाळ्या आठवल्या तरी माझी फुगलेली बॅटरी तापते.

मग तिने मासा साफ केला. घाण पिशवीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि मांस पेलिकनांकडे भिरकावलं. लोक पोट धरून हसले. मग ती ओट्याला धरून खाली बसली आणि तिची मान कलली.

एउलालिया धावत आली. "कोणी चिडवलं तिला? कोण बोललं काय?"

"कोणी नाही, बाई. गोड बोलत होती."

"मनातल्या मनात राग गिळला असेल. चढली साखर. बघा, घाम किती आलाय."

गर्दीतून एक म्हातारी पाव घेऊन पुढे आली. "दचकली असेल. एवढा तुकडा द्या तिला, गिळतेय अजून." ओब्दुलियाचे डोळे अर्धे उघडे होते, ओठ हलत होते. तिला गिळता येत होतं. मित्रांनो, ज्या पावाने मागे तिचं वाटोळं चालवलं होतं, तोच पाव त्या वेळी तिचा जीव होता. आणि त्याच दिवशी, नेमका त्याच दिवशी, एउलालियाने तो हात झटकला. "पाव नको. साखर चढलीय तिची. कडू काढा आणा."

"यंत्र बघता का जरा?" तिबुर्सिओ म्हणाला.

"आत्ता नको. तिला आणखी धक्का बसायचा."

तिला काढा पाजला. घरी नेऊन खाटेवर निजवलं. एप्रन काढून दाराच्या खिळ्याला अडकवला, माझ्यासकट. मग सगळे मिरवणुकीला गेले. एउलालिया तेवढी गेली नाही. वर्षभर वाट पाहिलेली मिरवणूक सोडून ती बहिणीच्या उशाशी जपमाळ घेऊन बसली. नदीवर बँड वाजत होता, होड्यांचे भोंगे वाजत होते. सगळ्या गावात वाजत नव्हतो तो मीच.

खाट माझ्यापासून चार हातांवर होती. चकती मला कळवत राहिली. चाळीसच्या खाली मी आकडा दाखवत नाही, नुसतं 'लो' एवढंच दाखवतो. दुपार झाली. एउलालिया उठली, तिने मला खिशातून काढलं आणि काच बघितली. आकडा नाही, बाण खाली. तिचे डोळे भरून आले. "उतरली," ती म्हणाली. "काढा लागू पडला. माउली, तुझे उपकार." आणि तिने माझ्या काचेचा मुका घेतला. मग मला परत खिशात ठेवलं, बहिणीला पांघरूण घातलं आणि हळूच दार लोटून घेतलं, तिची झोप मोडू नये म्हणून.

मी ओरडायला तयार होतो. माझ्यात आवाज होता. तो घंटेवरच्या एका रेघेमागे अडकला होता.

नेरेइदा सणाला म्हणून आली ती उन्हं कलल्यावर. मिरवणुकीमुळे रस्ता बंद, बस गावाबाहेरच थांबलेली, ती एवढं पोट घेऊन चालत आली. आत येऊन तिने आईच्या कपाळाला हात लावला आणि तो तिथेच राहिला.

"यंत्र कुठाय?"

"निजू दे तिला. आज पहिल्यांदा शांत झोपलीय."

"मावशी, यंत्र कुठाय?"

तिने मला काढलं. काच बघितली, घंटेवरची रेघ बघितली. आणि त्या हळू बोलणाऱ्या, हॉटेलात सगळ्यांना 'जी साहेब' म्हणणाऱ्या मुलीने जी शिवी हासडली, ती आल्वारादोतही कोणी कधी ऐकली नव्हती. पुढचं भराभर झालं. तिने बोटाने आईच्या गालाच्या आत मध चोळला. तिबुर्सिओच्या बर्फाच्या गाडीतून ओब्दुलियाला दवाखान्यात नेलं. शिरेतून साखर चढवली. माझा आकडा वर यायला लागला, बाण वर उभा राहिला. आकडा परत आला. ओब्दुलिया मात्र पुरती परत आली नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही. एउलालियाने विचारलं, "पण साखर तर जास्त होती ना?" डॉक्टरने तिला समजावलं. ती ऐकत होती. मग ती तिथल्या बाकावर बसली आणि तिने जपमाळ पिशवीत ठेवली. तिच्यावर ओरडायला कोणाला जमलं नाही. मला जमलं असतं.

महिन्याभराने नेरेइदाला मुलगी झाली. तिने आईला खुर्चीत बसवलं आणि बाळ मांडीवर दिलं. मी टेबलावर होतो, आवाज चालू करून ठेवलेला. ओब्दुलियाचा उजवा डोळा शाबूत होता, अगदी स्वच्छ. तिने बाळाला नीट बघितलं. बाळ रडायला लागलं, लाथा झाडायला लागलं, तर तिने पांघरूण सारखं केलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कोणाचं बाळ आहे, बाई?"

"तुझी नात आहे, आई."

"असं का? आभारी आहे."

ती आता सगळ्यांचे आभार मानते. तिबुर्सिओ भेटायला येतो, दारात उभा राहून तिला मुद्दाम डिवचतो. "लादी कमी आणलीय, ओब्दुलियाबाई. बोला की काहीतरी." ती हसून त्याला बसायला खुर्ची दाखवते. तो परत जाताना रस्त्यात रडतो. आणि बाजारात अजून काही जण आहेत, जे म्हणतात की नवस फळला, बघा किती शांत झाली. त्यांच्यासाठी माझ्याकडे चांगल्या निवडक शिव्या आहेत. मी दोन वर्षं कोणाच्या खिशात होतो, विसरू नका.

आता आकडा नेरेइदाच्या फोनवर दिसतो. माझं काम संपलं, म्हणून मी इथे पेटीत. त्याचं मला काही नाही, वस्तू जुन्या व्हायच्याच. तुमच्याकडे मात्र माझं मागणं आहे. तुमच्या घरात कोणाच्या दंडाला अशी चकती असेल, तर तिचं यंत्र उघडून बघा, घंटेवर रेघ तर नाही ना. असेल तर आजच काढा, मोठ्या माणसांशी भांडून काढा. कमी आकडा बघून हात जोडू नका. खाणं कमी झालं तर औषधाचं काय करायचं, ते डॉक्टरला विचारा. आणि नेहमी कचाकचा भांडणारं आपलं माणूस एखाद्या सकाळी घामाघूम होऊन एकदम गोड बोलायला लागलं, तर टाळ्या वाजवू नका. आधी त्याच्या तोंडात साखर घाला.